खात्याच्या पोटातला विमा

गेल्या महिन्यात माझ्या बँकेच्या शाखेतला तरुण अधिकारी मला म्हणाला, "सर, साधं बचत खातं कशाला ठेवता? महिन्याला दीडशे रुपये भरा. अपघात विमा, दवाखान्याचा खर्च, वर्षातून एक तपासणी, सगळं आत आलं." मी विम्याच्या अटी मागितल्या. त्याने रंगीत पत्रक पुढे केलं. मी पुन्हा अटी मागितल्या. त्या खातं उघडल्यावर मिळतील, असं उत्तर आलं.

त्या मुलाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्याच्या बोलण्यामागच्या समजुतीशी, कारण ती आता आमच्या हैदराबादच्या काचीगुडा-कुतबीगुड्यातल्या मराठी घरांतही रुजली आहे. विमा घ्यायचाच आहे, मग खात्याबरोबरच मिळाला तर काय बिघडलं?

या पक्षाचं म्हणणं आधी नीट मांडतो, कारण ते पोकळ नाही. हजारो खातेदारांचा विमा एकत्र उतरवला की दर उतरतो. वैद्यकीय चौकशी बहुधा होत नाही. हप्ता खात्यातून आपोआप जातो, त्यामुळे विसरून विमा बंद पडत नाही. आणि ज्या माणसाने एरवी कधीच विमा घेतला नसता, त्याला निदान काहीतरी मिळतं. यातलं एकही विधान खोटं नाही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

स्वस्ताईचं बघू. दीडशे रुपये महिना म्हणजे वर्षाला 1,800. काही खात्यांना शुल्क नसतं, त्याऐवजी मोठी शिल्लक ठेवावी लागते. समजा एक लाख अडकवले. मोठ्या बँकांत बचत खात्यावर अडीच टक्क्यांच्या आसपास व्याज मिळतं. तीच रक्कम सहा टक्क्यांच्या ठेवीत असती तर वर्षाला साडेतीन हजार रुपये जास्त आले असते. हा हप्ताच झाला, फक्त पासबुकात दिसत नाही. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून व्यक्तीने स्वतः घेतलेल्या आयुर्विम्यावरचा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. समूह विम्याला ही सूट नाही, आणि खात्याबरोबर येणारा विमा बहुतेक वेळा समूह विमाच असतो.

समूह विमा म्हणजे मूळ करार बँक आणि विमा कंपनी यांच्यात. आपल्या हाती येतं ते फक्त प्रमाणपत्र. बँकेने पुढच्या वर्षी कंपनी बदलली, रक्कम घटवली किंवा सोयच काढून टाकली, तर आपल्याला विचारायला कुणी येत नाही. पस्तिसाव्या वर्षी त्या भरवशावर राहिलेला माणूस पंचावन्नाव्या वर्षी, साखर निघाल्यावर, नवा आरोग्य विमा शोधायला निघतो तेव्हा त्याच्या वाट्याला महागडा हप्ता येतो किंवा नकार. समूह आरोग्य विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक विम्यात जाण्याची सोय नियमांत आहे, पण ती वेळेत मागावी लागते, आणि मागण्यासाठी ठाऊक असावी लागते.

माधापूर-गच्चीबावलीत नोकरी करणारी आमची मुलं म्हणतात, आमच्या पगार खात्यावर तर अपघात विमा फुकट आहे. असेल तर जरूर घ्यावा. फक्त नोकरी सुटली आणि पगार जमा व्हायचा थांबला की बहुधा तो विमाही थांबतो, हे लक्षात ठेवून.

आता मुख्य मुद्दा. हप्ता आपोआप जातो, पण दावा आपोआप येत नाही. विमा घेतो एक जण आणि मागायला जावं लागतं दुसऱ्याला; तेही घरात सुतक असताना. नवऱ्याच्या खात्याच्या पोटात विमा होता हे बायकोला कुठून कळावं? घरात विम्याचा कागद नाही, पासबुकात विम्याचा शब्द नाही, 'खाते शुल्क' एवढीच नोंद. जनधन खात्याच्या रुपे कार्डाचंच उदाहरण घ्या. त्यावर खातेदाराला काहीही न भरता अपघात विमा मिळतो. 28 ऑगस्ट 2018 नंतर उघडलेल्या खात्यांना तो दोन लाखांचा आहे. पण अपघाताच्या आधीच्या 90 दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं असावं लागतं. आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी ते कार्ड मंगळसूत्राच्या डबीइतकं जपून कपाटात ठेवलं आहे. न सांगितलेली अट विम्याला आतून पोखरते, मग तो फुकटचा असो की दीडशेचा.

म्हणून काही जाणकार दुसऱ्या टोकाला जातात. बँकेत फक्त पैसे ठेवावेत, विम्याचं नावही तिथे काढू नये, असं ते सांगतात. हेही मला पटत नाही. 9 मे 2015 रोजी सुरू झालेल्या दोन सरकारी योजना बँक खात्यावरच उभ्या आहेत. सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात, वयाच्या सत्तरीपर्यंत. जीवन ज्योती योजनेत 436 रुपयांत कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूला दोन लाख. नाव मात्र पन्नाशीच्या आत घालावं लागतं, आणि पहिल्या तीस दिवसांत अपघात सोडून अन्य मृत्यूला रक्कम मिळत नाही. मोंढ्यातल्या हमालाकडे 20 रुपयांसाठी कुठला विमा एजंट जाणार होता? खातं होतं म्हणून विमा त्याच्यापर्यंत पोचला.

मग फरक कुठे आहे? या योजनांत हप्ता वेगळा दिसतो, संमती वेगळी घेतली जाते, अटी प्रत्येक बँकेत त्याच असतात. खात्याला विमा जोडलेला आहे, पण खात्यात विरघळलेला नाही. माझा आग्रह एवढाच आहे. विम्याची किंमत वेगळी सांगा, अटी आधी द्या, आणि विमा नको म्हटलं तरी खातं राहू द्या. एवढं मान्य असेल तर खुशाल पैसे मोजावेत.

एक सूचना मराठवाड्याशी नाळ असलेल्या घरांना. स्टेट बँक ऑफ हैदराबाद 1941 साली निजामी राज्यात स्थापन झाली आणि 1 एप्रिल 2017 रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. तिच्या काळापासून आपल्यापैकी अनेकांचं एक खातं नांदेडला आणि एक इथे आहे. दोन्हीकडून या योजनांचे हप्ते कापले जात असतील तर रक्कम एकदाच मिळते. जादा हप्ता वाया जातो.

विम्याची देशव्यापी नियामक संस्था आपल्याच शहरात, नानकरामगुड्यात आहे. विमा लोकपालाचं कार्यालय लकडीकापूलजवळ ए.सी. गार्ड्‌समध्ये आहे, विमा कंपनीकडे दाद मागून झाली की तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. तरीही बँक कंपनीकडे बोट दाखवते आणि कंपनी बँकेकडे, या फेऱ्यात पडलेली माणसं याच शहरात दमून घरी बसतात, याचं मला मनापासून दुःख होतं.

ते खातं मी घेतलं नाही. साध्या खात्यावर 20 आणि 436 रुपयांचे दोन्ही अर्ज भरले, आरोग्य विमा वेगळा आहे तो चालू ठेवला. नोंदणीचे आणि खात्याचे कागद छापून घरपट्टीच्या पावत्यांबरोबर ठेवले. बायकोला आणि मुलीला शेजारी बसवून वाचून दाखवले. मुलीने पहिला प्रश्न विचारला, "बाबा, यात नॉमिनी म्हणून अजून आजीचंच नाव का आहे?" आई जाऊन सहा वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन ते नाव बदललं.