स्मरणशक्तीचा घसारा

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी चलनात आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला आणि पुढील काही वर्षांत शेर-मणांची जागा किलो-क्विंटलने घेतली. त्याबरोबर मराठी शाळांतील एक जुना परिपाठ हळूहळू अस्तंगत झाला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे एका सुरात म्हणणारे वर्ग दिसेनासे झाले. त्याबद्दल हळहळणारे वृद्ध पुष्कळ निघाले. परंतु ते पाढे पाठ नसल्यामुळे पुढची पिढी बुद्धीने उणी निपजली, असे म्हणता येणार नाही. ज्या हिशेबासाठी ते पाढे होते, तो हिशेबच उरला नव्हता.

आज मोबाइलने दूरध्वनी क्रमांक, पत्ते, रस्ते, कवितेच्या ओळी आणि बाजाराचा हिशेब असे सारेच पाठांतर आपल्याकडे घेतले आहे. हा बदलही तसाच निरुपद्रवी मानावा काय? एका बाजूला, यंत्राने मेंदू झिजत चालला आहे, अशी भीती घरोघरी बोलून दाखवली जाते. दुसऱ्या बाजूला, लेखनामुळे विस्मरण वाढेल ही भीती प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिसच्या तोंडीही आहे, असे सांगून तिची वासलात लावली जाते. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. दशमान पद्धतीने हिशेब सोपा केला. पण तो करणारे डोके माणसाचेच राहिले. मोबाइल मात्र आठवण्याची क्रियाच माणसाच्या हातून काढून घेतो. वादाचे मूळ या भेदात आहे.

पुरावा काय सांगतो?

२०११ साली बेट्सी स्पॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतील एका प्रयोगात लोकांना काही वाक्ये संगणकावर टंकित करावयास दिली होती. ती साठवली जातील असे ज्यांना वाटले, त्यांना ती कमी आठवली. ती पुसली जातील असे ज्यांना वाटले, त्यांना अधिक आठवली. माहिती काय होती यापेक्षा ती कोठे ठेवली आहे, हे लक्षात ठेवण्याकडे मनाचा कल असतो, असेही दिसून आले. या निबंधाचा पुष्कळ गवगवा झाला. परंतु कठीण प्रश्न समोर येताच मन आपोआप संगणकाकडे धाव घेते, असे सुचविणारा त्याच निबंधातील एक प्रयोग पुन्हा करण्यात आला तेव्हा तो निष्कर्ष हाती लागला नाही. २०१८ साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली. तेव्हा या क्षेत्रातील प्रत्येक निष्कर्ष ब्रह्मवाक्य मानणे धोक्याचे आहे.

लंडनमधील टॅक्सीचालकांवरील अभ्यास अधिक भक्कम आहे. तेथे परवाना मिळविण्यासाठी सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. कॅथरिन वूलेट आणि एलेनॉर मॅग्वायर यांनी ७९ उमेदवारांच्या मेंदूच्या प्रतिमा शिक्षणापूर्वी आणि नंतर घेतल्या. त्यांतील ३९ जण परवानाधारक झाले. त्यांच्या हिपोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागाच्या मागील बाजूस वाढ झालेली दिसली. अनुत्तीर्ण झालेल्यांत ती दिसली नाही. प्रौढ वयातही मेंदू श्रमाला प्रतिसाद देतो, हा २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा बोध होय.

याची दुसरी बाजू लुईझा दहमानी आणि व्हेरोनिक बोहबो यांच्या २०२० सालच्या अभ्यासात आढळते. जीपीएसवर अधिक विसंबणाऱ्या वाहनचालकांची स्वतः वाट शोधतानाची स्मृती कमकुवत निघाली. आणि तीन वर्षांनी पुन्हा तपासलेल्या १३ जणांत, ज्यांचा वापर अधिक त्यांची घसरणही अधिक होती. संख्या लहान आहे, म्हणून निष्कर्षही जपून काढला पाहिजे. उलटपक्षी, ५७ अभ्यासांतील चार लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीचे संकलन २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्यात डिजिटल साधने वापरणाऱ्या पन्नाशीपुढील लोकांत बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण कमीच आढळले. अर्थात ज्यांची बुद्धी शाबूत आहे तेच ही साधने अधिक वापरीत असतील, हीही शक्यता आहे. तात्पर्य, साधन मेंदूला जाळते असा पुरावा नाही; पण ज्या कौशल्याचा सराव थांबतो ते मंदावते, असे मानण्यास आधार आहे.

आठवणे हेच शिकणे

अर्थशास्त्रात यंत्राचा घसारा वापराने वाढतो. स्मरणाचे भांडवल याच्या उलट आहे. ते वापराने वाढते आणि पडून राहिल्याने घटते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग या दृष्टीने प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावा असा आहे. एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्याने तो मिटून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्क्यांना ७५. आठवड्याने चित्र पालटले. आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. आठवण्याचे कष्ट हेच स्मरणाचे खतपाणी आहे. शंका येताच मोबाइल उघडणारा विद्यार्थी नेमके हेच कष्ट टाळतो. आणि उत्तर तत्काळ मिळाल्याने ते आपल्याला येते, असा त्याचा समज होतो.

माहिती एका बोटावर उपलब्ध असताना ती डोक्यात कशाला हवी, हा युक्तिवादही तपासून पाहण्याजोगा आहे. कचेरीतील मुरलेला कारकून नवी फाइल हाती येताच म्हणतो, ‘अशाच प्रकरणात पूर्वी वेगळा निर्णय झाला होता.’ जुना कागद दप्तरात असतोच. पण तो शोधला पाहिजे हे ज्याच्या डोक्यात पूर्वीचे काही शिल्लक आहे त्यालाच सुचते. यंत्र विचारलेल्याचे उत्तर देते. काय विचारावे, हे मात्र मनातील संचितावरून ठरते.

या संचिताची वाट लक्षातून जाते. माहितीची विपुलता लक्षाचे दारिद्र्य निर्माण करते, हा विचार अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच मांडला होता. फोनकडे पाहिले नाही, उत्तर दिले नाही, तरी केवळ तो वाजल्याने हातातील कामात चुका वाढतात, असे फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील प्रयोगात २०१५ साली आढळले. जे नीट लक्षातच गेले नाही ते पुढे आठवणार कोठून?

तोटा कोणाचा?

हा तोटा सर्वांना सारखा होत नाही. लुई-फिलिप बेलांड आणि रिचर्ड मर्फी या अर्थशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधील चार शहरांतल्या ९१ शाळांची माहिती तपासली. फोनबंदीनंतर निकाल सुधारले. पण सुधारणा मुख्यतः मागे पडलेल्या विद्यार्थ्यांत होती, हुशार विद्यार्थ्यांना फारसा फरक पडला नाही. स्वीडनमधील २०२० च्या अभ्यासात असा लाभ दिसला नाही, म्हणून बंदी हा रामबाण उपाय नव्हे. तथापि, ज्याच्या घरी पुस्तके आहेत, शिकवणी आहे, टोकणारे आईबाप आहेत, तो विचलित होऊनही सावरतो. ज्याला केवळ वर्गातील तासाचाच आधार आहे, त्याचे नुकसान भरून निघत नाही, ही शंका रास्त आहे. ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटाच्या ‘असर’ २०२४ पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी सुमारे ७६ टक्क्यांनी. उपकरण घरात आले म्हणजे ज्ञान आले, हे समीकरण येथे चुकते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली यावर साधा मार्ग काढला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद ठेवण्याचे ठरले. या उपक्रमाचे महत्त्व असे की, त्यात केवळ मुलांना उपदेश नव्हता. नियम मोठ्यांनाही लागू होता. स्वतः फोन हातात धरून मुलाला ‘पुस्तक वाच’ म्हणणाऱ्या पालकाचा शब्द कोण ऐकणार?

शाळा-महाविद्यालयांनीही यातून धडा घ्यावयास हवा. घोकंपट्टीची निंदा करताना पाठांतराचीही हकालपट्टी झाली, ही चूक होती. अर्थ न कळता घोकणे वेगळे आणि समजलेले आठवून मांडणे वेगळे. तासाच्या शेवटी पाच मिनिटे वही मिटून आजचा मुद्दा लिहावयास सांगणे, गुणांशिवाय छोट्या चाचण्या घेणे, अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे, या गोष्टींना अनुदान लागत नाही की शासननिर्णय लागत नाही. अपूर्णांकांचे पाढे गेले ते गेले. ते परत आणण्याचे कारण नाही. परंतु त्या पाढ्यांनी मनाला जो रोजचा व्यायाम दिला, त्याची जागा अद्याप रिकामी आहे. ती भरण्याचे काम शिक्षक आणि पालक यांनाच करावे लागेल.