विषय: हॉस्पिटलात आईवडील बडबडू लागले तर "वय झालं" म्हणू नका



व्हिजिट व्हिसावर आईवडील येणार म्हटलं की आपण इन्शुरन्स काढतो, बीपीच्या गोळ्या मोजून आणायला सांगतो. एका गोष्टीची तयारी मात्र कोणीच करत नाही.

हॉस्पिटलात दाखल झालेलं म्हातारं माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक असंबद्ध बोलतं, सलाईन उपटतं, मुलाला ओळखत नाही. आपल्याकडे "वात झाला" म्हणतात आणि वयावर ढकलतात. डॉक्टरी भाषेत हा डेलिरियम. स्मृतिभ्रंश हळूहळू वाढतो. हा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो आणि दिवसभरात कमीजास्त होतो. मागे बहुधा कारण असतं: जंतुसंसर्ग, सोडियम घसरणं, लघवी तुंबणं, एखादं औषध. याचाच दुसरा प्रकार जास्त फसवा. पेशंट गप्प, सारखा झोपाळलेला, आणि आपण खूष की आराम चाललाय!

माझं स्पष्ट मत असं की हे आधी घरच्यांनी ओळखायला हवं. डीआयपीत राहणाऱ्यांना एनएमसी रॉयल हॉस्पिटल जवळ आहे, ही मोठी सोय. पण दुबईत कुठेही गेलात तरी नर्स बहुधा मल्याळी किंवा फिलिपिनो. फक्त मराठी येणाऱ्या आजी "बैलांना पाणी दाखवलं का?" विचारू लागल्या, तर ते भलतंच आहे हे त्यांना कसं कळावं? डॉ. शॅरन इनौये यांनी १९९० मध्ये मांडलेल्या 'कॅम' चाचणीत पहिला प्रश्नच हा आहे, की नेहमीपेक्षा अचानक बदल झालाय का? "नेहमीचं" काय ते आपल्यालाच ठाऊक.

यात करण्यासारखं बरंच आहे. त्यांच्याच १९९९ च्या अभ्यासात सत्तरीपुढचे ८५२ पेशंट होते. चष्मा आणि श्रवणयंत्र लावणं, दिवस-वार सांगत राहणं, पाणी पाजणं, चालवणं, रात्री गोळीविना झोप लागेल असं बघणं, एवढ्यावर डेलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. यातलं बहुतेक आपण स्वतः करू शकतो.

तेव्हा पेशंटशी वाद घालू नका. डॉक्टरांना नेमकं सांगा: "काल दुपारपर्यंत ठीक होत्या, संध्याकाळपासून बदललंय. कारण शोधा." झोपेचं औषध देणार किंवा हात बांधणार असतील, तर का ते आधी विचारा. आईवडील पुण्या-नाशकात ॲडमिट असतील तर तिथे बसलेल्या भावाबहिणीला हेच फोनवर सांगा. "जेवले का?" याच्या जोडीला "नेहमीसारखं बोलताहेत का?" हेही रोज विचारा.

चू.भू.द्या.घ्या.

- एक डीआयपीकर