हौसेचे टायर व घरची मोटार

सातिवलीहून आमच्या एका वाचकांचें पत्र आलें आहे. पत्रकर्ते एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील वडील गृहस्थ आहेत. घरांत चाकणच्या कारखान्यांत तयार झालेली पोलो जीटी मोटार असून, त्यांचा पुतण्या ती कोइमतूरच्या शर्यतीच्या मार्गावर नेऊं इच्छितो. त्यासाठीं त्याला रस्ता घट्ट धरणारे नवे टायर हवे आहेत. मुलाची हौस मोडूं नये, घरखर्चास खिंडार पडूं नये, आणि त्याच गाडींतून वृद्ध मातोश्रींना दवाखान्यांत न्यावयाचें असतें हेंही दृष्टीआड होऊं नये. तर कोणते टायर घ्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न टायरांचा दिसतो, पण तो सामाईक वस्तूवर एकाच्या हौसेचा हक्क किती, याचाही आहे. म्हणून त्याचें उत्तर येथें सविस्तर देत आहों.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करूं. 'ट्रॅक-डे' ही शर्यत नव्हे. शुल्क भरून, समोरून वाहन येण्याचें भय नसलेल्या बंदिस्त मार्गावर, आपली स्वतःची गाडी वेगानें चालविण्याचा तो दिवस होय. कोइमतूरचा कारी मार्ग सुमारें दोन किलोमीटरांचा आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें १९९० सालीं सुरू झालेला मार्ग पावणेचार किलोमीटरांच्या आंतबाहेर आहे. ग्रेटर नोएडाचा बुद्ध मार्ग, जेथें २०११ पासून २०१३ पर्यंत फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, तो पांच किलोमीटरांहून किंचित् अधिक आहे. यांपैकीं कोणताही मार्ग वसईकराच्या हांकेवर नाहीं. ज्या टायरांवर गाडी तेथें फिरणार, त्याच टायरांवर ती हजाराहून अधिक किलोमीटर राजरस्त्यानें जाणार आणि तितकेच परत येणार. निवडीचा विचार येथूनच सुरू झाला पाहिजे.

बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवीत असे. ती निवून लाकडाला आवळून बसली कीं तिचा उष्णतेशीं संबंध संपे. रबरी टायराचें याच्या उलट आहे. त्याचा सारा व्यवहार उष्णतेवर चालतो. वळणावर आणि ब्रेक दाबतांना रबर दबतें, घासतें व तापतें. बेताचें तापलें म्हणजे तें मऊ होऊन डांबराच्या बारीक खळग्यांत शिरतें आणि पकड वाढते. प्रमाणाबाहेर तापलें म्हणजे पकड सुटूं लागते व प्रसंगीं रबराचे तुकडे उडतात. रोजच्या टायराचें रबर टिकाऊपणासाठीं कठीण केलेलें असतें आणि शर्यतीच्या मार्गावर थोड्याच फेऱ्यांत तें अतितप्त होतें. 'सेमी-स्लिक' म्हणून जो टायर मिळतो, त्याचें रबर मऊ व खांचा थोड्या. कोरड्या मार्गावर तो उत्तम, पण जुलै महिन्यांत आपल्या महामार्गावर पाणी सांचलें असतां तें बाहेर फेंकण्यास त्याच्या खांचा अपुऱ्या पडतात. मग टायर पाण्यावर तरंगूं लागतो, आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही हातचे जातात.

हा कठीण-मऊपणा ओळखण्यास एक साधन आहे. पुष्कळ टायरांच्या भिंतीवर 'ट्रेडवेअर' या नांवाचा अंक छापलेला असतो. ही अमेरिकेंतील पद्धत असून तींत प्रमाणभूत टायरास १०० धरतात. अंक जितका मोठा, तितकी झीज कमी. हा अंक कारखानदार स्वतःच ठरवितात, म्हणून दोन कंपन्यांच्या अंकांची तुलना सावधपणें करावी. तथापि स्थूलमानानें ३०० च्या वरचे टायर घरगुती, २०० च्या आसपासचे मार्गाकडे झुकलेले, आणि १०० च्या जवळपासचे जवळजवळ शर्यतीचेच, असें समजण्यास हरकत नाहीं.

आतां पुतण्याच्या मागणीकडे वळूं. आमच्या जुन्या अध्यापनपद्धतींत अधिकारभेद मानीत असत. ज्याची रूपावली अद्याप पाठ झाली नाहीं, त्याच्या हातीं बाणभट्टाची कादंबरी कोणी देत नसे. यांत विद्यार्थ्याचा अपमान नव्हता. त्याचें हितच होतें. येथेंही तेंच लागू आहे. साधा टायर पकड सोडण्यापूर्वीं कमी वेगांतच कुरकुरतो, किंचाळतो आणि हळूहळू सरकतो. चालविणाऱ्याची चूक त्याला तेव्हांच कळते. घट्ट धरणारा टायर ती चूक झांकून ठेवतो आणि वेग पुष्कळ वाढल्यावर, बहुधा थोड्याच सूचनेनें, हात सोडतो. म्हणून नवशिक्यास साधा टायर हाच चांगला गुरु होय. पहिल्या दोन-तीन फेरफटक्यांस महाग टायर घेणें म्हणजे पैसे देऊन अज्ञान विकत घेणें होय.

काटकसरीचा मार्गही याच विचारांतून निघतो. नव्या टायराची खांच साधारण आठ मिलिमीटर खोल असते, आणि खांचेच्या तळाशीं असलेल्या उंचवट्यांपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरांपर्यंत, झीज झाली कीं तो बाद होतो. परंतु पावसाच्या दृष्टीनें तीन मिलिमीटरांखालींच त्याचा भरंवसा उतरतो. उलट कोरड्या मार्गावर अर्धा झिजलेला टायर नव्यापेक्षां बरा. रबराचे ठोकळे उंचीनें कमी असल्यामुळें डुलत नाहींत व कमी तापतात. तेव्हां घरच्या टायरांची चार-साडेचार मिलिमीटर खांच उरली असेल, तर जानेवारी-फेब्रुवारींत, तमिळ मुलखांतील परतीचा पाऊसही संपल्यावर, त्याच टायरांवर गाडी न्यावी. परत आल्यावर ते बाजूंसकट तपासून घ्यावे, आणि मृगापूर्वीं चारही नवे घरगुती टायर घालावे. पावसाळ्यापूर्वीं जे रबर घराला नकोसें होणारच होतें, तेंच हौसेनें संपविलें. हौसेचा निराळा खर्च जवळजवळ उरला नाहीं.

हा उपाय टायर अर्धा झिजलेला असला तरी वयानें तरुण असेल तरच करावा. भिंतीवरील चार अंकांपैकीं पहिले दोन आठवड्याचे व शेवटले दोन वर्षाचे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पांच-सहा वर्षांचें रबर दिसावयास धड असलें तरी ताठरलेलें असतें. पंक्चर काढलेला, भिंतीला फुगा आलेला किंवा नवें रबर चढविलेला टायर वेगाच्या मार्गावर नेऊं नये. कोणी वापरून विकलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊं नये; त्यानें काय सोसलें आहे तें वरून दिसत नाहीं.

नवे घेतांना गाडीला नेमून दिलेलें माप पाहावें. १९५/५५ आर १६, ८७ व्ही असें लिहिलेलें असेल, तर रुंदी १९५ मिलिमीटर, भिंत त्या रुंदीच्या शेंकडा ५५, रिम १६ इंची, एका टायराची भारशक्ति ५४५ किलो आणि वेगाची मर्यादा ताशीं २४० किलोमीटर, असा अर्थ होतो. नेमून दिलेल्याहून भार व वेग यांचीं चिन्हें कमी दर्जाचीं घेऊं नयेत. २०२० च्या जूनमध्यें केंद्र सरकारनें परदेशी टायरांच्या आयातीवर निर्बंध घातले, हें ध्यानांत ठेवून दुकानदारानें परदेशी माल पुढें केल्यास आयएसआय चिन्ह व तारीख पाहूनच पैसे द्यावे. चारही टायर एकाच जातीचे असावे. पुढचीं चाकें ओढणाऱ्या गाडीला केवळ पुढें मऊ टायर घातले, तर पुढची पकड वाढते आणि वळणावर मागची बाजू बाहेर निघते. अशा वेळीं नवशिका सांवरूं शकत नाहीं.

हवेविषयीं एक नियम सांगतों. दारापाशीं लिहिलेल्या दाबानें थंड टायर भरून सुरुवात करावी. चार-पांच फेऱ्यांनंतर तो दाब पुष्कळ पौंडांनीं वाढतो. मार्गावरून आल्याबरोबर मोजून वाढलेली हवा थोडी सोडावी. मात्र परतीच्या प्रवासापूर्वीं टायर निवल्यावर ती अवश्य भरावी. कमी हवेवर महामार्गानें धांवणारा टायर भिंतींतून तापतो आणि फुटतो.

शेवटीं वडीलधाऱ्यांसाठीं एक सूचना. मोटारीच्या नेहमींच्या विम्यांत शर्यत व वेगाची चांचणी यांतील नुकसान वगळलेलें असतें. तेथें गाडी कठड्यावर गेली, तर दुरुस्ती घरच्या तिजोरींतून होईल. तेव्हां पुतण्यानें ती जोखीम स्वतःच्या कमाईंतून बाजूला काढून ठेवावी, आणि मग वडिलांनीं आनंदानें किल्ली द्यावी. दोन वर्षें साध्या टायरांवर हात बसल्यानंतर त्याला अधिक हवें असेल, तर निराळ्या चार रिमांवर २०० च्या जातीचे टायर त्यानें आपल्या पैशांनीं घ्यावे आणि फक्त त्या दिवसापुरते चढवावे. घरच्या गाडीवर एरवीं पावसाचे टायरच राहावे. त्यांवर बसणारी मंडळी जास्त आहेत.