कुळाचें मत आणि झारची सही

ज्याच्या नांवावर गुंठाभर जमीन नाहीं त्याला कारभारांतलें काय कळतें, असें म्हणणारे शहाणे आम्हांला अजून भेटतात. त्यांनीं फिनलंड देशाची १९०७ सालची निवडणूक एकदां वाचावी.

तो देश त्या वेळीं रशियाच्या झारच्या अंमलाखालीं होता. तेथील कायदेमंडळांत चार वर्गांचीं चार सभागृहें: सरदारांचें, पाद्र्यांचें, शहरी धनिकांचें व जमीनवाल्या शेतकऱ्यांचें. (चार म्हटल्यावर आमच्या वाचकांस अधिक सांगणें नको!) सरदाराला तर निवडून येण्याचीहि यातायात नसे, घराण्याचा कर्ता म्हणून तो थेट जाऊन बसे. परक्याच्या जमिनीवर झोपडें घालून, खंडापोटीं मालकाच्या शेतांत ठरलेले दिवस राबणारें कूळ, शेतमजूर, मोलकरीण यांना चारांपैकीं एकहि दार उघडें नव्हतें.

१९०५ सालीं देशभर संप झाला. आगगाड्या बंद, कारखाने बंद. तिकडे जपानकडून मार खाऊन आलेला झार नमला. १९०६ च्या कायद्यानें चारी सभागृहें गेलीं व २०० जागांचें एकच झालें. २४ वर्षांच्या पुरुषाला मत, तसेंच स्त्रीलाहि मत, आणि उभें राहण्याचाहि हक्क! मतदार सव्वा लाखाच्या घरांत होते, ते बारा लाखांवर गेले. धर्मादाय मदतीवर जगणाराला मात्र वगळलें. म्हणजे उपाशी राहिल्याबद्दल दंडच कीं हा!

मार्च १९०७ मध्यें मतदान झालें. ज्यांना कांहीं कळत नाहीं म्हणत, ते शंभरांत सत्तर जण मत देऊन आले. मजुरांच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाला ८० जागा मिळाल्या, सर्वांत अधिक. १९ स्त्रिया निवडून आल्या. त्यांतील मीना सिलानपॅ ही बाराव्या वर्षीं गिरणींत लागली होती, पुढें लोकांच्या घरीं मोलकरीण होती. तीच १९२६ सालीं देशाची पहिली स्त्री मंत्री झाली.

परंतु मत मिळालें म्हणजे सगळें मिळालें, असें मानणारांनींहि पुढचें ऐकावें. सभागृहानें कायदा करावा, पण सही झारची! त्यानें १९०८, १९०९ आणि १९१० अशीं लागोपाठ तीन सालीं सभागृहच मोडलें. कसतो ती जमीन विकत घेऊन आपली करण्याचा कायदा कुळांच्या पदरांत पडला तो १९१८ सालीं, झार गेल्यावर आणि यादवी युद्धांत हजारों माणसें मेल्यावर. या अकरा वर्षांत कळत नव्हतें कोणाला, कुळाला कीं सभागृह मोडणाराला, तें त्या शहाण्यांनींच आम्हांला कळवावें.