विक्रम पंडित : नागपूर ते सिटीग्रुप, आणि आपल्या घरातल्या पैशाचा सवाल

जागतिक बँकेचे अध्यक्ष अजय बंगा यांचा जन्म पुण्याजवळच्या खडकीचा. २०२३ मध्ये त्यांनी हे पद घेतलं तेव्हा आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'महाराष्ट्राचा मुलगा' म्हणून मेसेज फिरले. पण त्याआधी महाराष्ट्राच्याच एका माणसाने न्यूयॉर्कमध्ये याहून अवघड खुर्ची सांभाळली होती. ते म्हणजे विक्रम पंडित. मुलांना त्यांच्या पगाराचा आकडा सांगण्यापेक्षा त्यांची पूर्ण हकीकत सांगितली, तर आपल्या समाजाला त्यातून जास्त शिकता येईल.

पंडित यांचा जन्म १९५७ साली नागपूरच्या मराठी कुटुंबात झाला. शाळा मुंबईत, दादरला. सोळाव्या वर्षी ते अमेरिकेला गेले. कोलंबिया विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची बी.एस. १९७६ मध्ये आणि एम.एस. १९७७ मध्ये पूर्ण केली. मग वाट बदलून १९८० मध्ये एमबीए आणि १९८६ मध्ये फायनान्समधली पीएच.डी. मधल्या काळात त्यांनी प्राध्यापकीही केली. १९८३ मध्ये ते मॉर्गन स्टॅन्ले या बड्या कंपनीत लागले आणि वीस वर्षांहून जास्त काळ तिथेच वर चढत गेले. वर्तमानपत्रात फोटो येतो शेवटच्या पायरीचा. त्याआधीची अशी सगळी वर्षं मात्र बातमीत दोन ओळींत संपतात. दहावीनंतर "लवकर काहीतरी कमवायला लाग" म्हणणाऱ्या आपल्या घरांनी ही वर्षं एकदा मोजून पाहावीत.

२००५ मध्ये त्यांनी मॉर्गन स्टॅन्ले सोडली आणि पुढच्या वर्षी भागीदारांसोबत 'ओल्ड लेन' हा गुंतवणूक फंड काढला. २००७ मध्ये सिटीग्रुपने तो सुमारे ८० कोटी डॉलरला विकत घेतला आणि पंडित सिटीत आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिटीने जाहीर केलं की, अमेरिकेतल्या कच्च्या गृहकर्जांशी जोडलेले आपले सुमारे ५५ अब्ज डॉलरचे व्यवहार धोक्यात आहेत. आधीच्या प्रमुखांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये पंडित सीईओ झाले.

ही कच्ची कर्जं म्हणजे काय? ज्यांना हप्ता झेपणार नाही अशांनाही घरासाठी कर्ज दिलं. मग हजारो कर्जांचा गठ्ठा बांधून त्याचे रोखे केले आणि पुढे विकले. गठ्ठ्यावर 'सुरक्षित' असा शिक्का होता, म्हणून आत काय आहे हे फार कुणी उघडून पाहिलं नाही. घरांच्या किमती पडल्या, हप्ते थकले आणि रोख्यांची किंमत कोसळली. जगातली हुशार माणसं ज्या बँकांत बसली होती, त्याच बँका यात सापडल्या.

२००८ या एका वर्षात सिटीचा तोटा २७.७ अब्ज डॉलर झाला. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. पंडित यांचा 'ओल्ड लेन' फंडही त्याच वर्षी बंद करावा लागला. नोव्हेंबरात एका रविवारी रात्री अमेरिकन सरकारने सिटीला आणखी २० अब्ज डॉलर दिले. आधीचे धरून ही मदत ४५ अब्ज झाली. शिवाय ३०६ अब्जांच्या मालमत्तेची हमीही दिली. पैसा अर्थात करदात्यांचा. मार्च २००९ मध्ये सिटीचा शेअर एका डॉलरच्याही खाली गेला. बँक नफ्यात येईपर्यंत वर्षाला एक डॉलर पगार घेईन, असं पंडित यांनी सांगितलं होतं. २०१० मध्ये बँक पुन्हा नफ्यात आली आणि सरकारने आपले शेअर फायद्यात विकले.

इथे हिशेब संपत नाही. एप्रिल २०१२ मध्ये पंडित यांच्या सुमारे दीड कोटी डॉलरच्या मोबदल्याविरुद्ध भागधारकांनीच बहुमताने मत दिलं. त्याच ऑक्टोबरात तिमाही निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी अचानक पद सोडलं. बुडती बँक वाचवली हे त्यांचं श्रेय खरंच. पण तोटा झाला तेव्हा किंमत कुणी मोजली आणि फायदा झाला तेव्हा वाटा कुणाला मिळाला, हा सवालही तितकाच खरा आहे.

आता हाच सवाल आपल्याकडे विचारू. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई-ठाण्यात पसरलेल्या पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले. सुरुवातीला खातेदाराला स्वतःच्याच पैशातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. सिटीसाठी रविवारच्या रात्रीत तोडगा निघाला. पीएमसीचं विलीनीकरण व्हायला जानेवारी २०२२ उजाडला, आणि पाच लाखांवरच्या ठेवीदारांना पूर्ण पैशासाठी पुढे कित्येक वर्षांची वाट दाखवण्यात आली. मोठी बँक बुडाली तर सगळं जग बुडेल, ही भीती सरकारला असते. लहान माणसाच्या बुडण्याने बाजार हलत नाही.

आपल्या समाजाचं दुखणं आणखी वेगळं आहे. व्याज नको म्हणून अनेक घरं बँकेपासून लांब राहतात. ही भावना मनापासूनची आहे आणि व्याजाचा मसला उलेमांनाच विचारावा. पण याच भावनेचा सौदा करणारेही आहेत. बंगळुरूच्या आयएमए कंपनीने 'हलाल नफा' या नावाखाली हजारो मुस्लिम कुटुंबांच्या ठेवी घेतल्या आणि जून २०१९ मध्ये कंपनीला टाळं लागलं. त्यात बायकांनी मोडलेले दागिने होते, मुलींच्या लग्नाची पुंजी होती. इथेही शिक्का पाहिला गेला, गठ्ठा उघडला गेला नाही. न्यूयॉर्कच्या शिक्क्यावर 'सुरक्षित' लिहिलेलं होतं, बंगळुरूच्या शिक्क्यावर 'हलाल'.

खडवली, टिटवाळा, वासिंद या आपल्या पट्ट्यात कुणाची भिशी असते, कुणी ओळखीच्या माणसाच्या धंद्यात पैसे लावतो. बंद करा असं मी म्हणणार नाही. पण पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा. हा नफा नेमका कुठल्या धंद्यातून येतो? ठेवी घ्यायला रिझर्व्ह बँकेची किंवा सेबीची परवानगी आहे का? लेखी काय मिळणार? तोटा झाला तर तो कुणाचा? उत्तर देताना समोरचा चिडला, "आपल्याच माणसावर भरोसा नाही का?" म्हणाला, तर पैसे घरी परत आणा. बँकेत ठेवलेल्या पैशालाही मर्यादा आहे. बँक बुडाल्यास एका बँकेतल्या एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच विम्याचं संरक्षण आहे. २०२० च्या आधी ते फक्त एक लाख होतं.

आणि मुलांसाठी, विशेषतः मुलींसाठी एक गोष्ट. कॉमर्स आणि गणित हे 'मार्क कमी पडले म्हणून' घ्यायचे विषय नव्हेत. हिशेब तपासणारा, कायदा जाणणारा, ताळेबंद वाचणारा माणूस प्रत्येक मोहल्ल्यात हवा. कुठली नोकरी करायची हे ज्याने त्याने आपल्या घरात ठरवावं. पण जमातीच्या फंडाचा हिशेब वाचायला घरचीच मुलगी पुढे आली, तर पुढच्या 'हलाल' योजनेचा कागद सही होण्याआधी एकदा तरी नीट वाचला जाईल.