आधी ऊब, मग दूध

दिवस मोठा होऊ लागला की मांजरी माजावर येतात. त्यांचा गर्भकाळ सुमारे ६५ दिवसांचा, म्हणून उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि आसपासच्या गावांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा घडतो. कुटाराच्या ढिगात, गोठ्याच्या माळ्यावर किंवा बंद घराच्या ओसरीत डोळेही न उघडलेली पिल्ले सापडतात. आई दिसत नाही. कोणीतरी कळवळून वाटीभर गाईचे दूध आणते आणि चमच्याने पाजते. दोन-तीन दिवसांत पिल्ले एकेक करून मरतात आणि ‘आईविना जगली नाहीत’ असे म्हणून विषय संपतो.

हे निदान अर्धेच खरे आहे. अशी पिल्ले पुष्कळदा गारठून, न मानवणाऱ्या दुधाने किंवा फुप्फुसात गेलेल्या दुधाने मरतात. या तिन्ही गोष्टी घरच्या घरी बऱ्याच प्रमाणात टाळता येतात. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. कोणती गोष्ट कधी करायची, हे माहीत असावे लागते.

पहिला प्रश्न पिल्ले खरोखर अनाथ आहेत का, हा. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा म्हणण्यापुरता असला तरी निरीक्षण खरे आहे. जागा असुरक्षित वाटली की मांजर एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते आणि या हलवाहलवीत काही पिल्ले काही काळ एकटी राहतात. शिकारीसाठीही ती तासन् तास बाहेर असते. पिल्ले स्वच्छ असतील, पोटे भरलेली असतील आणि एकमेकांना बिलगून शांत झोपली असतील, तर आई जवळपास आहे असे समजावे. तीन-चार तास लांबूनच लक्ष ठेवावे. पिल्लांभोवती पिठाची पातळ रेघ टाकून ठेवली तर आई येऊन गेली का, हे पावलांवरून कळते. माणसाचा हात लागला की मांजर पिल्लू टाकते, ही समजूत चुकीची आहे. पिल्लू उन्हात पडले असेल तर त्याच जागेजवळ सावलीत सरकवावे. आई त्याला शोधून काढते. मात्र आई मेल्याचे नक्की माहीत असेल, पिल्ले गार पडली असतील, अंगावर मुंग्या किंवा जखमा असतील, तर वाट पाहू नये.

पिल्लू हाती घेतल्यावर दुधाकडे धाव घेण्याआधी त्याच्या अंगाला हात लावून पाहावा. जन्मतः पिल्लाचे वजन साधारण शंभर ग्रॅम असते. एवढ्या लहान शरीरातून उष्णता झपाट्याने निघून जाते आणि पहिले तीन-चार आठवडे त्याला स्वतःचे तापमान नीट राखता येत नाही. ते ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की आतड्यांची हालचाल मंदावते आणि गिळण्याची क्रिया दुबळी होते. अशा वेळी पाजलेले दूध पचत नाही. ते पोटात नासते किंवा श्वासनलिकेत जाते. म्हणून गार पिल्लाला कधीही पाजू नये. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुने सुती कापड अंथरावे, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी आणि पिल्लाला तासाभरात हळूहळू ऊब द्यावी. दुसरी बाजू मोकळी ठेवली की जास्त गरम वाटल्यास ते तिकडे सरकू शकते. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवतीची हवा २९ ते ३२ अंश असावी. पिल्लू फारच मलूल असेल तर ऊब आल्यावर हिरड्यांना ग्लुकोजच्या पाण्याचे बोट लावावे.

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांजवळ जातो, तिथे ऊब कशाला, असे कोणी विचारील. पण याच महिन्यात घरोघरी कूलर चालू असतात. कूलरच्या ओल्या वाऱ्यात गार फरशीवर ठेवलेले पिल्लू भर उन्हाळ्यातही गारठते. उलट टिनाच्या छपराखालच्या खोलीत ते उष्म्याने मरू शकते, कारण जसे त्याला शरीर गरम ठेवता येत नाही तसे थंडही करता येत नाही. म्हणून खोके कूलरच्या झोतापासून दूर, पण सावलीच्या खोलीत ठेवावे. उष्म्याच्या दुपारी बाटली काढावी आणि पहाटे पुन्हा ठेवावी.

आता दुधाचे. गाईचे दूध वासराला दिलेले असते. मांजरीच्या दुधात प्रथिने सुमारे सात टक्के, तर गाईच्या दुधात सव्वातीन टक्के. म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर असतात, पण प्रथिने साडेचार टक्क्यांच्या पुढे फारशी जात नाहीत. शेळीचे दूध हलके म्हणून दिले जाते. तेही घटकांच्या दृष्टीने गाईच्याच दुधाजवळचे आहे. पिल्लांना हगवण लागते ती या तफावतीमुळे, आणि शंभर ग्रॅमच्या जिवाला हगवणीचा एक दिवसही भारी पडतो. तान्ह्या बाळाच्या सवयीने आपण दुधात पाणी घालतो. त्याने आधीच अपुरे असलेले पोषण आणखी कमी होते. शिवाय मांजराला टॉरिन नावाचा घटक आहारातूनच मिळावा लागतो. टॉरिन नसलेल्या आहारावर मांजरांच्या डोळ्यांतील दृष्टिपटल निकामी होते, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९७५ मध्ये दाखवून दिले. गाईच्या दुधात टॉरिन अगदी थोडे असते. यावर योग्य उपाय म्हणजे मांजराच्या पिल्लांसाठीच तयार केलेली दूध पावडर. ती तालुक्याच्या गावात सहज मिळेलच असे नाही; नागपूर-अमरावतीच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून किंवा घरपोच मागवावी लागते. ती हाती येईपर्यंतचा एखादा दिवस कसा काढायचा, हे पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावे. गावात दुसरी व्यालेली मांजर असेल तर तिच्या पिल्लांत हे पिल्लू मिसळून पाहावे. पुष्कळ मांजरी परके पिल्लू स्वीकारतात आणि याहून चांगला उपाय दुसरा नाही.

पाजण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची. बाळाला मांडीवर उताणे घेऊन बोंडल्याने किंवा चमच्याने दूध पाजण्याची रीत आपल्या हाडीमाशी मुरलेली आहे. मांजराचे पिल्लू उताणे धरले की दूध फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. आईजवळ ते पोटावर पालथे राहून पिते. तसेच ठेवून, डोके किंचित वर करून पाजावे. लहान बुचाची बाटली किंवा सुई काढलेली एक मिलिलिटरची सिरिंज वापरावी आणि एकेक थेंब सोडावा. शंभर ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी सुमारे चार मिलिलिटर दूध मावते. दिवसाला वीस ते पंचवीस मिलिलिटर लागते, म्हणून पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते. नाकातून दूध आले तर लगेच थांबावे.

पाजून झाले की काम संपत नाही. पहिले तीन आठवडे पिल्लाला आपण होऊन लघवी-शी करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाच्या बोळ्याने पोटाखालचा भाग प्रत्येक वेळी हलकेच पुसावा. हे न केल्याने पोट फुगून दगावलेल्या पिल्लांना ‘दूध बाधले’ असे म्हटले जाते.

पिल्लू सावरते आहे का, हे नजरेने कळत नाही, वजनाने कळते. किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवावे. दिवसाला दहा ते पंधरा ग्रॅम वाढ हवी. एक दिवस वजन वाढले नाही तर सावध व्हावे आणि घटले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सात ते चौदा दिवसांत डोळे उघडतात; ते बोटाने उघडू नयेत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जंतांचे औषध, चौथ्या आठवड्यापासून मऊ खाणे आणि सहा ते आठ आठवड्यांपासून लसीकरण, असा क्रम पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठेवावा. आईचा चीक न मिळालेल्या पिल्लाची रोगप्रतिकारशक्ती दुबळी असते. सगळे नीट करूनही काही पिल्ले जगत नाहीत, हेही आधीच मनाशी धरलेले बरे.

घरातल्या माणसांनीही काळजी घ्यायची आहे. पिल्लाला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. पिल्लांकडून मुलांना गजकर्ण होऊ शकते. गरोदर बाईने मांजराची घाण साफ करण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे. मांजर चावली किंवा ओरखडली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लसीबद्दल विचारावे. हळद-चुना लावून बसू नये.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, तिचा उल्लेख टाळता येणार नाही. पुष्कळ पिल्ले आपणच अनाथ करतो. नको असलेली पिल्ले पोत्यात भरून गावाबाहेर किंवा बाजाराच्या ओट्यावर सोडली जातात. कधी त्यांच्या आईलाच दूर नेऊन सोडतात. उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहते. पोती कितीही बाहेर नेली तरी संख्या कमी होत नाही. ती कमी करण्याचा खरा मार्ग नसबंदीचा आहे. जो पिल्लाला दूध पाजतो, त्याने ते मोठे झाल्यावर त्याची नसबंदी करून घेणे हाही त्या दयेचाच भाग मानावा.

यात सरकारी यंत्रणेचाही वाटा आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचे काम मुख्यतः बैल, गाई-म्हशी आणि शेळ्यांचे, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण वर्षातून एक-दोन वेळा मांजरांच्या नसबंदीचे शिबिर घेणे अशक्य नाही. वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) येथे पीपल फॉर अ‍ॅनिमल्सचे करुणाश्रम आहे आणि नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांच्याशी बोलून नगरपंचायत आणि ग्रामपंचायतींनी अशी शिबिरे आष्टीपर्यंत आणावीत. दवाखान्याच्या भिंतीवर चार ओळींचा फलक लावायला तर खर्चही नाही: आधी आईची वाट पाहा, पिल्लू गार असेल तर आधी ऊब द्या, गाईचे दूध देऊ नका, पालथे ठेवूनच पाजा. एवढ्या चार ओळी वेळेवर वाचल्या गेल्या, तरी या मोसमात कुटाराच्या ढिगात सापडणारी बरीच पिल्ले जगतील.