मोटारीविना डभई

वडोदऱ्यास गेलेला प्रवासी राजवाडा पाहतो, सयाजीबाग पाहतो आणि हल्ली केवडियास सरदार पटेलांच्या पुतळ्याकडे वळतो. त्या लोहमार्गावर डभई लागते. गुजराती लोक तिला डभोई म्हणतात. पुतळ्याकडे निघालेली मंडळी तेथे क्वचितच उतरतात. आमचे वाचकांस सांगणे असे की, एक दिवस काढून तेथे अवश्य उतरावे. आणि दाराशी मोटार नाही म्हणून कोणी बिचकू नये. वेशींच्या आतले ते गाव मोटारीच्या कितीतरी शतके आधीचे आहे, आणि ते पायांनीच नीट दिसते.

एवढी गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. मुंबईकडची गाडी आपणांस वडोदरा जंक्शनवर सोडते, परंतु डभईकडील साध्या गाड्या शहराच्या दुसऱ्या भागातील प्रतापनगर स्थानकावरून सुटतात. मध्ये रिक्षा करावी लागते. गाड्या मोजक्याच असल्याने वेळा आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात. लेकरेबाळे बरोबर असता फलाटावर दोन-दोन तास तिष्ठत बसणे बरे नव्हे.

या डभईचे रेल्वेशी नाते मोठे नवलाचे आहे. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी, १८६२ साली, महाराज खंडेराव गायकवाड यांनी डभईपासून मुंबई-वडोदरा मार्गावरील मियागामच्या दिशेने अडीच फुटी रूळ टाकविले. संस्थानिकाने स्वतःच्या मालकीची केलेली हिंदुस्थानातील ही पहिली रेल्वे, आणि पहिली नॅरोगेजही हीच. डबे ओढीत ते मात्र बैल! पुढच्याच वर्षी इंजिन आणविले, परंतु रूळ इतके हलके की त्यांना ते पेलवेना. १८७३ साली भक्कम रूळ घातले गेले, तोवर इंजिनाला थांबावे लागले. बैलांच्या मागून रुळांवर सरकणारी ती गाडी आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. पुढे डभईहून चहूंकडे छोट्या गाड्या जाऊ लागल्या आणि ते नॅरोगेजचे मोठे जंक्शन बनले.

आता ते रूळ राहिले नाहीत. डभई-चांदोद मार्ग रुंद होऊन पुढे केवडियापर्यंत नवा मार्ग झाला आणि १७ जानेवारी २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. जुन्या छोट्या गाडीसाठी हळहळणारे पुष्कळ भेटतात. आम्हांलाही ती प्रिय होती; तरी घरातले आजारी माणूस वडोदऱ्याच्या इस्पितळात न्यावयाचे असता त्या संथ गाडीत जीव कसा टांगणीला लागत असेल, हे हळहळणाऱ्यांनी मनात आणावे. ज्यांना तिच्या खुणा पाहावयाच्या असतील, त्यांच्यासाठी प्रतापनगरला रेल्वेचे वारसा-उद्यान आहे.

डभईत उतरल्यावर विचारीत विचारीत पूर्वेच्या हिरा भागोळेस जावे. भागोळ म्हणजे वेस. जुन्या कोटाच्या चार दिशांना अशा चार वेशी. हा कोट सिद्धराज जयसिंहाने बाराव्या शतकात बांधला असे सांगतात. तेराव्या शतकात वाघेला राजा विसलदेवाने येथे काम करविले. वेशीला लागूनच कालिकामातेचे देऊळ आहे, आणि त्याच्या दगडावर बोटभरही जागा कोरीव कामावाचून राहिलेली दिसत नाही. कारागीर हिराधर याला येथे जिवंत गाडले, अशी दंतकथा आहे. खरेखोटे कोण जाणे. परंतु एवढे काम करणाऱ्याचे नाव लोकांनी वेशीला दिले, हे आम्हांस आवडले.

उन्हाळ्यात हे सारे सकाळीच उरकावे. पाण्याची बाटली व घरची पोळीभाजी जवळ असली म्हणजे म्हाताऱ्या माणसांनाही त्रास पडत नाही. वेळ उरल्यास पुढच्या गाडीने चांदोदला नर्मदेच्या काठी जाता येते.

परतीची गाडी चुकली तरी घाबरू नये, वडोदऱ्यास एस. टी. मिळते. ती वाटेत भिलापूर घेते. या भिलापूर-डभईच्या परिसरात १ एप्रिल १७३१ रोजी पहिला बाजीराव व सेनापती त्रिंबकराव दाभाडे, मराठेच मराठ्यांशी लढले. वसईची मोहीम निघाली ती यानंतर सहा वर्षांनी. दाभाडे गोळी लागून पडले. त्यांच्या बाजूने लढलेले पिलाजी गायकवाड त्या दिवशी वाचले, आणि बैलांची रेल्वे काढणारे खंडेराव हे त्यांच्याच वंशातले.